नागू, हूक सगळ्यांना मिळाला

नागू, शनिवारी कँटीनमध्ये तुझी शोकसभा झाली. आधी तेच सांगतो. तू असतास तर हसून हसून खोकला लागला असता तुला.

तुझा फोटो गिरणीत कुणाकडं नव्हता. सुभद्रावहिनींनी तुझा गेटपास दिला, टाइमकीपरनं त्यावरचा फोटो सोलून काढला. शिक्क्याची अर्धी गोलाई तुझ्या हनुवटीवर तशीच राहिली. हार मात्र दांडगा आणला होता. फोटो काडेपेटीएवढा, हार हातभर. लांबून बघणाऱ्याला वाटावं, झेंडूचीच शोकसभा आहे.

लेबर ऑफिसर पहिले बोलले. "नागनाथ म्हणजे आपल्या गिरणीच्या एकोप्याचं प्रतीक. आपल्या गिरणीनं कधी कुणाची जात विचारली नाही." हे खरंच आहे. विचारायची वेळच कधी आली नाही. माणूस कुठल्या खात्यात आहे ते बघितलं की जात कळायची. युनियनचा सेक्रेटरी उठला आणि तुला 'लढवय्या साथी' म्हणाला. तू लढत होतास तेव्हा हा साथी कुठं होता ते त्याला आठवलं नाही. मग आपल्या खात्याचा मुकादम, मल्लप्पा जॉबर, उठला आणि रडला. डोळ्यांतून खरंखुरं पाणी काढलं त्यानं. मी त्याच्या हातांकडं बघत होतो. याच हातांनी त्यानं तुझ्या धोट्यांना लाल रंग फासला होता.

शेवटी दोन मिनिटं उभं राहायचं ठरलं. मिनिटभरात कुणीतरी खाकरलं आणि सगळे बसले. चहा निवत होता.

मला कुणी बोलायला सांगितलं नाही. चार वर्षं त्याच दोन साच्यांवर सकाळी मी आणि दुपारी तू. तुझ्यामागं बोलायचा हक्क गिरणीत कुणाला असेल तर तो मला. पण बोललो असतो तर चहा आणखी निवला असता. म्हणून हे लिहितोय. माझं मराठी तुला माहीतच आहे. घरात तेलुगू, शाळा सातवीपर्यंत. तू मॅट्रिक, माझ्या रजेच्या अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारून द्यायचास. आता चुका राहतील, त्याला तू जबाबदार.

तुझी लेक कधीतरी हे वाचेल, तिच्यासाठी धोट्याचं सांगतो. साच्यावर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणताना आडवं सूत इकडून तिकडं नेणारा लाकडी तुकडा म्हणजे धोटा. त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की दुसरी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या बाजूच्या बारीक भोकातून बाहेर काढायचं. बोटानं ते निघत नाही. भोकाला तोंड लावून जोरात ओढायचं, की सूत ओठांवर येतं. त्याच्याबरोबर कापसाचा बारीक भुगाही छातीत जातो. दिवसातून किती वेळा ते कोण मोजणार. सकाळच्या पाळीचं तोंड ज्या धोट्याला, त्याच धोट्याला दुपारच्या पाळीचं तोंड.

तुझ्या समाजाची माणसं विणकामात का नव्हती, त्याचं सगळं धर्मशास्त्र त्या भोकाएवढं होतं. सूत काततील, गठ्ठे वाहतील, झाडू मारतील. साच्यावर नकोत, कारण उष्टं. हेच सोवळे लोक पगाराच्या दिवशी शिंदीच्या दुकानात रांगेनं एकाच ग्लासातून प्यायचे. आधी कोण प्यालं ते तिथं कुणी विचारत नव्हतं. बाटायचं ते फक्त गिरणीच्या गेटच्या आत.

आणि तुला तरी साच्यावर आणलं ते काय मन बदललं म्हणून? दुष्काळाच्या त्या वर्षी वरून एक पत्र आलं, कुठल्या खात्यात कुठल्या समाजाची किती माणसं आहेत ते कळवा. विणकामाच्या रकान्यात तुमच्या समाजापुढं भोपळा होता. लेबर ऑफिसरला तो दिसायला वाईट वाटला. सूतकताईत बदलीवर, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी, राबणारा एक मॅट्रिक पास माणूस उचलला आणि रकाना भरला. तो रकाना म्हणजे तू.

तुझा जोडीदार व्हायला कुणी तयार होईना. मल्लप्पा माझ्याकडं आला. "राजय्या, तुला गट न्हाय, तू वरडनार न्हाईस. तुज्याच साच्यावर घालतो त्याला." मी होय म्हणालो. त्यात मोठेपणा शोधू नकोस. नाही म्हणायलाही छाती लागते, ती मला नव्हती.

पहिल्या दिवशी पाळी बदलताना तू आलास. इस्त्रीचा शर्ट. साच्यावर इस्त्रीचा शर्ट घालून कोण येतं?

"अन्ना, मी नागनाथ. दुपारपाळी माझी. सकाळी धोटा धुवून घ्यायचा असंल तर घ्या. म्या राग मानणार न्हाय."

"छे छे, मी तसलं काय मानत न्हाई," मी म्हणालो. आणि हे इतक्या हळू म्हणालो, की शेजारच्या साच्यावरच्या माणसाला ऐकू जाऊ नये.

आता जे कधी बोललो नाही ते. रोज सकाळी सातला येऊन, साच्यामागं वाकून, ताणा तपासतोय असं दाखवून मी खिशातला ओला रुमाल धोट्याच्या भोकावर फिरवायचो. तीनेक महिने. दुपारी तुला हसून म्हणायचो, "ये नागू, गरम हाय बघ साचा." मी तंबाखू खाणारा माणूस. माझं तंबाखूचं उष्टं तू पहिल्या दिवसापासून तोंडात घेत होतास. तुलाही किळस येऊ शकते, ही गोष्ट आख्ख्या खात्यात कुणाच्या डोक्यात आली नाही. माझ्याही नाही.

मग एका दुपारी तू माझ्या हातावर पंच्याचा एक तुकडा ठेवलास. स्वच्छ धुतलेला, घडी घातलेला.

"अन्ना, रुमाल लई मळलाय तुमचा. ह्यो वापरा."

आणि कांड्या बघायला वळलास. टोमणा नव्हता, आवाज चढलेला नव्हता. तू चार शिव्या दिल्या असत्यास तर मला किती बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी धोटा तसाच तोंडाला लावला. सूत आलं. जीभ झडली नाही, आभाळ पडलं नाही. मी माफी मागितली नाही आणि तू ती मागायला लावली नाहीस. आपली खरी दोस्ती तिथून सुरू झाली, पाळी बदलतानाच्या पंधरा-पंधरा मिनिटांची. सुट्टीच्या दिवशी कंबर तलावावर शेंगाचटणी-भाकरी खायची आणि भांडायचं. भांडण कशावरही. तू पत्ते फार वाईट खेळायचास आणि हरलास की पत्त्यांना नावं ठेवायचास, हेही शोकसभेत कुणी सांगितलं नाही.

मग ती धोट्यांची अदलाबदल झाली. सुताराकडं दुरुस्तीला गेलेले आपले दोन धोटे दुसऱ्याच रांगेत परत गेले. संध्याकाळी कुणीतरी धोट्यावरची खूण ओळखली आणि बोंब मारली. ओळीनं साचे बंद पडले. जी माणसं बोनससाठी अर्धा तास साचा बंद ठेवायला घाबरतात, ती त्या दिवशी वाघ झाली. एकजण नळावर जाऊन चुळा भरत होता, भरतच होता. त्याचं पोट बिघडलं ते त्या पाण्यानं, पण नाव तुझं लागलं.

युनियनचा सेक्रेटरी म्हणाला, "हा भावनेचा प्रश्न आहे." तुला भावना आहेत का, ते त्यानं तुला विचारलं नाही.

आणि मग लेबर ऑफिसरची अक्कल धावली. बाहेरून एक तारेचा हूक मागवला, क्रोशाच्या सुईसारखा. भोकातून आत घालायचा आणि सूत ओढून काढायचं. तोंड लावायला नको. हूक फक्त तुला. आणि तुझे धोटे वेगळे कळावेत म्हणून त्यांच्या टोकांना लाल रंग. मल्लप्पानं ब्रश घेऊन स्वतः फासला. त्या दिवशी साहेब केवढे खूश होते! सगळ्यांना सामावून घेतलं, कुणाला दुखावलं नाही. एक तार आणि डबीभर रंग, संपली अस्पृश्यता.

तू एका पाळीची सुट्टी घेऊन अर्ज लिहिलास. मला वाचून दाखवलास. त्यात जातीचा एक शब्द नव्हता. लिहिलं होतं, की तोंडानं सूत ओढल्यानं कापूस प्रत्येक विणकराच्या छातीत जातो, जुने विणकर खोकत घरी जातात, तरी हूक सर्व साच्यांना द्यावा. मला तुझा राग आला होता. ज्यांनी तुझ्या नावानं चुळा भरल्या त्यांच्याच छात्यांची तुला काळजी!

तलावाच्या कट्ट्यावर मी म्हणालो, "घे की हूक. काम टिकंल. त्यांचं ते बघून घेतील."

"अन्ना, हूक वाईट न्हाय. हूक लई चांगला हाय. म्हणून तर सगळ्यांला पायजे."

"पर तुला मिळालाय ना?"

"मला एकट्याला दिला तर त्यो हूक न्हाय. आमच्या आज्या-पणज्याच्या गळ्यात मडकं बांधायचे थुंकायला, त्ये मडकं हाय. तारेचं केलंय, एवढंच."

मी तुला हट्टी म्हणालो. तू मला भित्रा म्हणालास. दोघंही बरोबर होतो.

साहेबांनी आपल्या दोघांना बोलावलं तेव्हा तुझा अर्ज त्यांच्या टेबलावर होता, त्यावर पेपरवेट.

"तुम्हाला दिलाय ना हूक? मग इतरांची उठाठेव कशाला?"

"साहेब, इतरांची छाती येगळी हाय का?"

"ते आम्ही बघू. तुम्ही हूक वापरणार की नाही?"

"सगळ्यांनी वापरला तर मीबी वापरीन. न्हाईतर सगळ्यांसारखंच तोंडानं."

"राजय्या, तुमचं काय म्हणणं?" साहेबांनी माझ्याकडं बघितलं.

नागू, त्या खोलीत पंखा फिरत होता आणि मी पंख्याकडं बघत होतो. "साहेब म्हणतील तसं," असं म्हणालो मी. माझ्या तोंडातून निघालं. तुझं उष्टं तोंडात घ्यायला शिकलो, पण त्याच तोंडानं तुझ्या बाजूचं एक वाक्य बोलायला शिकलो नाही. दार ओढून बाहेर आल्यावर तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. तुझाच धीर सुटायला हवा होता तर तू मला धीर देत होतास. तो हात मला अजून सहन होत नाही.

आठ दिवसांत तुझी बदली झाली. शिक्षा म्हणायची नाही, 'कामाची सोय'. ब्लोरूम. जिथं कापसाच्या गाठी फोडून पिंजतात, जिथं समोरचा माणूस धुक्यातून आल्यासारखा दिसतो आणि पाळी संपल्यावर भुवया पांढऱ्या झालेल्या असतात. रकान्याचं काय झालं म्हणशील तर काही नाही. पत्राचं उत्तर आधीच गेलं होतं, त्यात तू विणकामातच होतास. कागदावर तू शेवटपर्यंत विणकर राहिलास.

त्यानंतर वर्षभरानं कारखान्यांची तपासणी करणारे एक डॉक्टर आले. त्यांनी विणकामातल्या माणसांना ओळीनं उभं करून छातीला नळी लावली आणि तोंडानं सूत ओढणं बंद करायला सांगितलं. महिन्याभरात प्रत्येक साच्याला एकेक हूक टांगला गेला. नोटीस लागली. मी वाचली नागू, आणि अक्षर अन् अक्षर ओळखलं. 'कापूस प्रत्येक विणकराच्या छातीत जातो.' वाक्य तुझं, ऱ्हस्व-दीर्घ तुझे, खाली सही लेबर ऑफिसरची. ज्यांनी चुळा भरल्या ते हूक घेऊन हसत होते. "बरं झालं बगा, लई तरास व्हता." शरम म्हणून काही चीज असते, ती आमच्या गिरणीत कुठल्याच खात्यात बनत नाही.

मला वाटलं, आता तुला परत घेतील. आता उष्टं तर उरलं नाही. मी मल्लप्पाला विचारलंही. त्याचं उत्तर तयारच होतं. "आता शिनॉरिटीचा प्रश्न हाय. बाकीची बदलीवाली रांगेत हाईत." उष्टं संपलं तर ज्येष्ठता आली. ती संपली असती तर तिसरं काही आलं असतं. कारणांची कांडी या लोकांकडं कधी संपत नाही.

ही बातमी घेऊन मी बुधवार पेठेत तुझ्या घरी आलो होतो. तू खाटेवर बसून खोकत होतास. सुभद्रावहिनी म्हणाल्या, "चहा घेणार ना भावजी?" त्या 'ना'मध्ये जे होतं ते मला कळलं. मी दोन कप प्यालो. तू विचारलंस, "सगळ्या साच्यांला आला हूक?"

"सगळ्या."

"मंग झालं की."

"काय झालं? तू कुटं हाईस बघ जरा!"

तू हसलास आणि खोकलास. मी चिडून निघून आलो.

ते भांडण अजून संपलेलं नाही माझ्याकडून. सिव्हिल हॉस्पिटलात तुझ्या पायाशी बसलो होतो तेव्हा पुन्हा काढणार होतो, पण तुला बोलायला श्वास पुरत नव्हता. एकट्यानंच कसं भांडायचं? आता भांडतो. तो हूक तू घ्यायला हवा होतास. लाल रंगासकट. तू साच्यावर राहिला असतास, ब्लोरूमचा कापूस तुझ्या छातीत गेला नसता, आज पत्ते खेळताना कुरकुरत बसला असतास. ज्यांच्यासाठी तू मान ताठ ठेवलीस त्यांची लायकी चुळा भरण्यापलीकडं नाही. हे मी तुला कितीदाही सांगीन. आणि मग आठवतं, की आज माझ्याही साच्याला हूक टांगलाय. माझी छाती अजून बरी आहे. त्या भांडणात मी जिंकलो तर कुठल्या तोंडानं?

तर शोकसभेचं उरलेलं ऐक. चहा झाल्यावर साहेबांनी जाहीर केलं, की गिरणी माणुसकी जाणते, नागनाथच्या पत्नीला नोकरी देण्यात येईल. टाळ्या वाजल्या. शोकसभेत टाळ्या! वहिनी कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुटल्या खात्यात?"

साहेब जरा अडखळले. "सफाईत जागा आहे सध्या."

"मला कांड्या भरता येत्यात. लगीन व्हायच्या आधी मी हातमागाच्या कारखान्यात कांड्याच भरत हुते. कांडीखात्यात बाया हाईत की. तितं घ्या."

"बघू."

"बघू नगा साहेब. लिवून द्या."

सगळे चपला शोधायला लागले. सेक्रेटरी मला म्हणाला, "बाईंनी जरा वेळ बघून बोलायला पाहिजे होतं." मेलेल्या नवऱ्याच्या हारासमोर बोलायचं नाही तर कुठल्या मुहूर्तावर, ते त्यानं सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी पाळीवर गेलो आणि माझे दोन्ही साचे चालूच केले नाहीत. ठरवून गेलो नव्हतो. हात दांड्याकडं गेलाच नाही. चारी बाजूंनी धडधड आणि मधे माझे दोन मुके साचे. मल्लप्पा धावत आला. मी त्याच्या कानात ओरडून सांगितलं, "सुभद्राबाईचा कागद आला की चालू करतो."

"येडा झालास व्हय राजय्या? चार्जशीट मिळंल!"

"मिळू दे."

नागू, दुसऱ्या एकानंही साचा बंद केला नाही. एकानंही. ज्यांच्या गळ्याला तुझ्या वाक्यानं आराम मिळाला ते माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करत होते. मला त्यांचा राग आला नाही. पंखा बघत बसलेला माणूस कोणत्या तोंडानं रागावणार? मी स्टुलावर बसून राहिलो.  दीड-दोन तासांनी वीव्हिंग मास्तर आले, साहेब आले, आणि माझ्या साच्यावरचं कापड कुठल्या तरी तातडीच्या ऑर्डरीतलं निघालं. देवाला मानत नाही तू, पण हे घे. दुपारपर्यंत दोन कागद टाइप झाले. एक वहिनींचा, एक माझा. माझ्या चार्जशीटमध्ये 'शिस्तभंग' हा शब्द ऱ्हस्व-दीर्घासह बरोबर होता.

वहिनींच्या कागदावर 'तात्पुरती' लिहिलंय. मी तो घेऊन घरी गेलो आणि आधी तो शब्द दाखवून मोकळा झालो. त्या म्हणाल्या, "तात्पुरतं तर तात्पुरतं. भायेर काडायला त्यांला माज्यासंगं बोलावं तर लागंल."

आज बुधवार. सकाळच्या भोंग्याला मी गेटवर त्यांच्या मागं तीन-चार माणसं सोडून रांगेत होतो. पुढं होऊन काही बोलायचं नाही असं त्यांनीच मला बजावलं होतं. गेटवाल्यानं कागद उलटासुलटा केला, त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, म्हणजे मागच्या सगळ्यांना ऐकू जावं,

"कुनाच्या जागंवर आलीस गं?"

वहिनींनी कागद त्याच्या हातातून काढून घेतला, घडी घातली.

"माज्या," म्हणाल्या, आणि आत गेल्या.